उभ्या मोटारीतील पेट्रोल

एरवी राजकारण, साहित्य आणि अध्यात्म ऐकावयास गोदाकाठी जमणाऱ्या श्रोत्यांपुढे मोटारीच्या टाकीतील पेट्रोलाचा विषय मांडणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु जुन्या वाड्यांच्या अंगणांत आणि बंगल्यांच्या छपरांखाली ताडपत्री पांघरून उभ्या असलेल्या फियाट, अँबॅसिडर आणि जीपगाड्या आपल्याकडे काही कमी नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणे २००० सालाच्या सुमारास थांबले. म्हणजे त्यांतली सर्वांत धाकटीही आता पंचविशीची झाली. वडिलांची आठवण म्हणून ती विकवत नाही, आणि रोजच्या गर्दीत चालववत नाही. शिवाय पन्नाशी उलटलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. त्यांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदलेली मोटार प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा ती उभीच राहावयाची. आणि मोटार उभी राहिली की तिच्यात फार लवकर नासणारी वस्तू म्हणजे पेट्रोल.

पेट्रोल नासते म्हणजे काय होते? ते पाण्यासारखे एकजिनसी नव्हे. शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. त्यांतले काही इतके हलके की ऊन लागताच उडून जावेत, काही जड. थंड इंजिन सुरू होते ते या हलक्या अंशाच्या वाफेवर. जुन्या गाडीची टाकी दिवसा तापते तेव्हा वाफ बाहेर टाकते, रात्री निवते तेव्हा हवा आत ओढते. वैशाखात पारा चाळीसच्या घरात गेला की हा श्वासोच्छ्वास जोरात चालतो. कापराच्या डबीचे झाकण सैल राहिले तर जे होते तेच येथे होते. फरक इतकाच, की कापूर उडालेला दिसतो. येथे काटा जवळजवळ होता तेथेच असतो, आणि सेल्फ मारून मारून बॅटरी मात्र बसते.

आत ओढलेली हवा स्वस्थ बसत नाही. पेट्रोलातील काही अस्थिर द्रव्यांशी प्राणवायूचा संयोग होऊन चिकट राळ तयार होते. कार्बोरेटरच्या जेटचे भोक पुष्कळदा एक मिलिमीटरभरही नसते. राळेचा एक पापुद्रा त्याला पुरतो. मिस्त्री म्हणतो, ‘कचरा आला.’ परंतु हा कचरा बाहेरून आलेला नसतो, तो टाकीतच जन्मलेला असतो. राळ रोखणारी द्रव्ये शुद्धीकरण कारखान्यातच अल्प प्रमाणात पेट्रोलात घातलेली असतात. ती प्राणवायूचा हल्ला अंगावर घेतात आणि स्वतः खर्ची पडतात. संपासाठी जमविलेल्या निधीसारखे हे आहे: रोज थोडा खर्च होतो, तोवर सारे ठीक दिसते, आणि तो आटला की पडझड झपाट्याने होते. डबा घट्ट बंद आणि सावलीत असेल तर पेट्रोल वर्षभर टिकावे. अर्ध्या रिकाम्या टाकीत, तीस अंशांच्या हवेत, तीन महिन्यांपलीकडे त्याचा भरवसा धरू नये.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २००३ साली पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला. २०२२ साली ते दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. उसाच्या मळीपासून ते होते, म्हणून निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याचा आणि साखर कामगाराचा त्यात स्वार्थ आहे. त्याला उगाच शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते. दहा टक्के मिश्रणाच्या लिटरात चहाचा एक चमचा पाणी मुरते. त्याहून अधिक झाले की इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तर तळातूनच निघते. वीस टक्के मिश्रणात पाणी अधिक मुरते, म्हणून नुसत्या दमट हवेने हा प्रकार सहसा होत नाही. गळक्या झाकणातून पावसाचे पाणी शिरले म्हणजे होतो. जुन्या गाडीला अधिक धोका निराळा आहे. तिच्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा इथेनॉलसाठी केलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. मूळ नळ्यांचा अभिमान न धरता त्या बदलाव्यात.

बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांविषयी लोक फार विचारतात. पेट्रोल टिकवणारे द्रव्य ताज्या पेट्रोलात घातले तर उपयोगी पडते. नासलेल्या पेट्रोलात ते घालणे म्हणजे फाटलेल्या दुधात साखर घालणे. बाटलीलाही आयुष्य असते. फोडून दोन वर्षे फळीवर ठेवलेली बाटली टाकून द्यावी. शिशाऐवजी घालावयाच्या बाटलीची तर हौसेच्या गाडीला बहुधा गरजच नाही. पूर्वी पेट्रोलात शिसे असे, त्याचा थर जुन्या मऊ व्हॉल्व्ह सीटांना सांभाळी. परंतु त्या झिजतात त्या सतत भरधाव चालविल्याने. रविवारी त्र्यंबकपर्यंत जाऊन येणाऱ्या फियाटला ती भीती थोडी. आपल्या देशात शिशाचे पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीत बंद झाले. त्याआधी, १९२४ साली, अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात ते शिशाचे द्रव्य तयार करताना पाच कामगार भ्रम होऊन मेले होते. इतक्या उघड इशाऱ्यानंतरही जगाने ते पुढे अनेक दशके जाळले.

कामगारांचा विषय निघालाच आहे, तर विचारतो: आपल्या गाडीतील नासके पेट्रोल काढतो कोण? गॅरेजमधला पोऱ्या. नळी तोंडात धरून तो ते ओढतो. पेट्रोलात बेंझीन असते, आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो. त्याहून तातडीचा धोका घोट चुकून श्वासनलिकेत जाण्याचा. थोडेसे पेट्रोलही फुफ्फुसांना भाजून काढते. असे झाल्यास उलटी करवू नये, कारण तेच पेट्रोल पुन्हा फुफ्फुसांत उतरते. थेट रुग्णालय गाठावे. हातपंपाची किंमत काही मोठी नाही. गाडी दुरुस्तीस देताना मालकानेच तो मागावा, नसेल तर विकत घेऊन द्यावा. स्वतःच्या हौसेपायी दुसऱ्याच्या मुलाने पेट्रोल चाखावे, हे मला तरी पटत नाही.

राहिले व्यवहाराचे. पावसाळ्यात गाडी उभी ठेवावयाची असेल तर जूनपूर्वी ताजे पेट्रोल भरून, टिकाऊ द्रव्य घालून, दहा-पंधरा मैल गाडी फिरवावी, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचते. पत्र्याची टाकी भरलेली असली तर आत हवा थोडी राहते आणि गंजही कमी चढतो. मात्र पेट्रोल तापून फुगते, म्हणून गळ्याखाली थोडी जागा सोडावी. दर रविवारी जागेवरच दोन मिनिटे इंजिन चालविण्याची पद्धत वाईट. तेवढ्यात ते तापत नाही आणि धुराबरोबर तयार झालेले पाणी आतच राहते. वर्षभर काढावयाचीच नसेल, तर टाकी व कार्बोरेटर दोन्ही रिकामी करून घ्यावीत. काढलेल्या पेट्रोलाला व्हार्निशसारखा आंबूस वास आला तर ते दुसऱ्या गाडीत घालू नये, आणि गटारात तर मुळीच ओतू नये; आपली गटारे कोठे जातात ते या घाटावर बसणाऱ्यांना सांगावयास नको. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून ते टाकाऊ तेल रीतसर नेणाऱ्याच्या स्वाधीन करावे.