मॉरिशसला जाताय? तिथे मलेरियासाठी तुमचीच चौकशी होईल

नगर, संगमनेरहून मॉरिशसला निघालेला पर्यटक विचारतो, तिथे कोणता आजार आहे? मॉरिशसला मात्र भीती आपलीच वाटते. भारतात मलेरिया आहे, तिथे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ मध्ये हे बेट मलेरियामुक्त ठरवले. पण १९७५ मध्ये ‘जर्वेज’ चक्रीवादळ आले, डास वाढले, बाहेरून आलेल्या रुग्णांमुळे साथ परतली. स्थानिक संसर्ग संपायला १९९८ उजाडले. म्हणूनच मलेरियाग्रस्त देशांतून येणाऱ्यांवर लक्ष असते. आरोग्य कर्मचारी मुक्कामी येऊन चौकशी करतात, रक्ताचा नमुनाही घेतात. घाबरू नका, फॉर्मवर हॉटेलचा पत्ता बरोबर लिहा.

तिथून आपल्याला धोका चिकुनगुनियाचा. २००५-०६ मध्ये मोठी साथ आली, २०२५ मध्येही रुग्ण आढळले. एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम न्या.

कोकणातून गेलेल्या मराठी घरांसह स्थानिकांना छळतो तो मधुमेह, साधारण पाच प्रौढांत एकाला. सरकारी उपचार नागरिकांना मोफत आहेत. पर्यटकांनी प्रवास विमा काढावा.

परतल्यावर ताप, सांधेदुखी झाली, तर डॉक्टरांना प्रवासाची तारीख आधी सांगा.