मलिद्याचे ताट आणि सातासमुद्रापलीकडचे मराठी घर

दीपावलीच्या मंगल पर्वात पोहे नाहीत असे मराठी घर विरळाच. गूळ वा साखर व ओले खोबरे घालून, सभोवती फळे मांडून केलेला ह्याच पोह्यांचा 'मलिदा' कोकणातील बेने इस्रायली ज्यू बांधव प्रेषित एलियाहू यांच्या स्मरणाने ईश्वराचे आभार मानताना सिद्ध करतात, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यास लागलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. कोकणात ते तेलाचा घाणा चालवीत. परंतु शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद. म्हणून गावाने त्यांस 'शनिवार तेली' म्हटले. पेणकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली आहेत.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि हजारो बेने इस्रायली पुण्यभूमीच्या ओढीने तिकडे गेले. तेथे नवलच घडले. कोकणात ज्या शनिवारामुळे ते वेगळे ठरत, तो तेथे साऱ्या देशाचा विश्रांतिदिन! याउलट जे येथे सर्वांचे होते, ते तेथे परके झाले. हिब्रू भाषेत 'अहो-जाहो' नाही. वडीलधाऱ्यांसही एकेरीच संबोधावे लागते. मराठी संस्कारात वाढलेल्या जिभेस हे अवघड वाटले तर नवल नाही. पंचांग मात्र आपल्यास जवळचे: चांद्रमासांचे, १९ वर्षांत ७ अधिक मास असलेले. आपला वार सूर्योदयाने उजाडतो, त्यांचा सूर्यास्ताने सुरू होतो, एवढेच.

खरा आघात निराळाच होता. ज्या धर्मासाठी देश सोडला, त्याच धर्माच्या तेथील पीठाने १९६२ च्या सुमारास विवाहप्रसंगी त्यांच्या कुळाची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करण्याचे आदेश काढले. शतकानुशतके परमुलखात शनिवार पाळणाऱ्यांस आपले ज्यूपण सिद्ध करावे लागावे, यापरते दुःख कोणते? समाजाने निदर्शने केली, सत्याग्रह केला. अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला.

विशेष हे की, मान्यतेसाठी त्यांनी आपले मराठीपण टाकले नाही. तेथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले. विवाहापूर्वीची मेंदी आणि मलिदा आजही घरोघरी टिकून आहेत.

आपल्या जानेफळ-मेहकरच्या पंचक्रोशीतूनही मुले दूरदेशी जातात. दिवाळीस ती घरी येतीलच असे नाही. अशा वेळी आईच्या मनात प्रश्न उठतो, आपले कुळाचार टिकतील काय? कोकणच्या या बांधवांनी त्याचे उत्तर आचरणाने दिले आहे. राजाश्रय नसतानाही आठवड्यातून एक दिवस घाणा थांबविण्याचा निश्चय पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो घरातील माणसांनी टिकविला म्हणून. देव्हाऱ्यापुढची एक पणती, सणाचा एक पदार्थ आणि त्यामागची कथा एवढी शिदोरी मुलांच्या हाती दिली, तर परक्या भूमीतही त्यांचे घर आपलेच राहील.