रोधकावरील वर्णसंकेत आणि वर्णपटाचा क्रम

कार्बन-रोधक पुष्कळदा तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. त्याच्या गोल अंगावर छापलेला आकडा मंडलात जोडताना खालच्या बाजूस गेला, तर तो वाचता येत नाही. रंगाचा पट्टा मात्र सर्व बाजूंनी दिसतो. म्हणूनच रोधाचे मूल्य रंगांत लिहिण्याची पद्धती रूढ झाली आणि आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९५२ साली तिला प्रमाणरूप दिले.

या पद्धतीतील दहा रंग इंग्रजी आद्याक्षरांच्या वाक्यावरून पाठ करण्याचा प्रघात आहे. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरसारख्या गावी मराठी शाळेत शिकून पदव्युत्तर प्रयोगशाळेत आलेल्या विद्यार्थ्यास तो भार निष्कारण वाहावा लागतो. 'तानापिहिनिपाजा' हा वर्णपटाचा क्रम त्यास बालपणापासूनच अवगत असतो. त्यातील पारवा वगळला की तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६ आणि जांभळा ७ हे अंक आपोआप हाती येतात. वर्णपटाच्या अलीकडे काळा ० व तपकिरी १. पलीकडे करडा ८ व पांढरा ९. काळोखापासून शुभ्रतेकडे जाणारा असा हा क्रम आहे.

चार पट्ट्यांच्या रोधकात पहिले दोन पट्टे अंक दर्शवितात, तिसरा त्यांपुढील शून्यांची संख्या आणि चौथा अनुज्ञेय तफावत सांगतो. सोनेरी म्हणजे शेकडा ५, रुपेरी म्हणजे शेकडा १०. पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी यांचा अर्थ ४,७०० ओहम. प्रत्यक्ष मूल्य मात्र ४,४६५ ते ४,९३५ ओहमांच्या दरम्यान कोठेही असू शकते.

शेकडा १० तफावतीचे रोधक १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ व ८२ या बारा अंकजोड्यांतच तयार होतात. कारण लगतच्या मूल्यांच्या तफावती एकमेकींना जवळजवळ भिडतात. शेकडा ५ साठी अशा चोवीस जोड्या आहेत. वाचनात ७४ आले, तर ती जोडी दोन्ही मालिकांत नाही. अर्थात पट्टे वाचण्यात चूक झाली, हे तत्काळ ध्यानी यावे.

तिसऱ्या पट्ट्याची चूक मात्र या कसोटीने उघड होत नाही. तापून काळवंडलेला तांबडा पट्टा तपकिरी भासतो. तांबड्या-हिरव्या रंगांचा भेद ज्यास नीट कळत नाही, त्याची अडचण तर नित्याचीच. १२ व्होल्टांच्या मंडलात २ व्होल्टांच्या एलईडीसाठी १,००० ओहमांचा रोधक १० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ देतो. त्याऐवजी १०० ओहमांचा जोडला गेल्यास प्रवाह १०० मिलिअँपिअरकडे धावतो, पाव वॅटच्या रोधकावर सुमारे एक वॅटचा भार पडतो आणि दोन्ही घटक जळण्याचा संभव असतो.

म्हणून रंगांवरून मूल्य ओळखावे, मालिकेवरून पडताळावे आणि जोडण्यापूर्वी ओहममापकाने निश्चित करावे.