रात्री आपोआप फिरणारी क्रेन

मागच्या हिवाळ्यात आई आमच्याकडे ॲमस्टेलवेनला आली होती. एका वादळी रात्री खिडकीतून बघत म्हणाली, "अरे, ती समोरची क्रेन फिरतेय बघ. एवढ्या वाऱ्यात आत माणूस बसवलाय की काय?" आत कोणीच नव्हतं. पण मग ती फिरते का, हे इंजिनिअर मुलालाही धड सांगता येईना. नंतर थोडं वाचलं, ते इथे लिहितोय. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरासमोर किंवा ऑफिससमोर अशी एखादी क्रेन असतेच.

काम संपलं की टॉवर क्रेनचा ऑपरेटर हुक रिकामा करून वर घेतो आणि फिरण्याचा ब्रेक मुद्दाम मोकळा करून खाली उतरतो. मग क्रेनचा लांब आडवा हात, म्हणजे जिब, वातकुक्कुटासारखा वाऱ्याबरोबर वळत राहतो. ब्रेक घट्ट ठेवला, तर आडवा वारा पूर्ण जिबवर आदळेल आणि मनोरा वाकवायला बघेल. म्हणजे फिरणारी क्रेन शहाणी, वादळात अडून बसलेली धोक्याची! जिबवर कंपनीचे मोठे फलक लावणंही याच कारणाने जोखमीचं, कारण वारा त्यांना धरतो आणि हिशेब बिघडतो.

दिवसाचा हिशेब वेगळा. मनोऱ्याजवळ सहज उचललं जाणारं वजन टोकाला नेलं की क्रेनला पेलत नाही. ढोबळ गणित असं, की १० मीटरवर ६ टन, तर ६० मीटरवर जेमतेम १ टन. मर्यादा ओलांडली की क्रेनमधली यंत्रणाच पुढची हालचाल तोडते. वाऱ्याचीही मर्यादा असते. बऱ्याच क्रेनना ती ताशी ७२ किलोमीटर दिलेली असते, पण शटरिंगसारखं मोठं, सपाट काही लटकत असेल तर शिडासारखं होतं आणि खूप आधीच थांबावं लागतं.

आता प्रश्न असा, की थांबायचं कोणी ठरवायचं? डच कामगार सुरक्षा कायद्याच्या कलम २९ नुसार गंभीर धोका दिसला आणि तपासनीस वेळेत येऊ शकणार नसेल, तर कामगार स्वतः काम थांबवू शकतो. त्या वेळेचा पगार कापता येत नाही. माझ्या मते सेन्सरपेक्षा हे मोठं.

अर्थात इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. ३ ऑगस्ट २०१५ ला आल्फेन आन देन राइन इथे पुलाचा भाग बसवताना तराफ्यांवरच्या दोन मोबाइल क्रेन शेजारच्या घरांवर कोसळल्या. एक कुत्रा मेला, माणसं मात्र नशिबाने वाचली. डच सेफ्टी बोर्डाच्या अहवालात आलं, की क्रेन आणि तराफा मिळून पुरेसे स्थिर नव्हते आणि आसपासच्या लोकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणीच नीट घेतली नव्हती. प्रत्येक जण आपापला तुकडा बघत होता. आपल्या प्रोजेक्टमध्ये होतं तसंच की! फेब्रुवारी २०२४ मध्ये लोखेमला पुलाची कमान उचलताना दोन कामगार गेले.

आणि आपल्याकडे? ३१ जुलै ते १ ऑगस्ट २०२३ दरम्यानच्या रात्री समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं. २० माणसं गेली. ते यंत्र टॉवर क्रेन नव्हतं, अपघातांची कारणंही वेगवेगळी. पण ही बातमी वाचल्यापासून मनात एकच येतं: गावापासून हजार किलोमीटर दूर रोजंदारीवर आलेल्या माणसाला रात्रपाळीत "साहेब, हे मला बरोबर वाटत नाही" असं म्हणता येतं का? आणि म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळतं का?

आई आता पुण्यात आहे. शेजारी टॉवरचं काम चालू आहे. परवा फोनवर अगदी खुशीत म्हणाली, "इथली पण रात्री फिरते हं, मी बघितलं." म्हटलं, छान. ब्रेक मोकळा असतो, हे खिडकीतून दिसतं. ऑपरेटर मोकळा आहे का, ते मात्र दिसत नाही. पुण्या-मुंबईत फ्लॅट बुक करताना आपण पार्किंग आणि क्लबहाऊसबद्दल विचारतो, तेव्हा बिल्डरला हाही एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?