त्र्यंबकच्या पावसात पहिली परसबाग 🌱

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पाऊस धो धो कोसळतो. म्हणून इथला पहिला धडा: मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही!

✅ वीतभर उंच गादीवाफा करा. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा.

✅ जूनमध्ये दोडका, कारलं लावा. कारल्याचं बी रात्रभर भिजवा. वेल मांडवावर चढवा.

✅ मेथी-कोथिंबीर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. धणे हलके रगडून, दोन फाकी करून पेरा. मेथी महिनाभरात खुडायला येते.

✅ गावरान बीच घ्या. दोडक्याचं एक चांगलं फळ बियाण्यासाठी वेलीवरच पिकून वाळू द्या.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच देशी बियाणं जपलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवातीला दोनच वेल पुरेत. घरच्या दोडक्याची पहिली भाजी ताटात आली, की पुढचा वाफा आपोआप खणला जातो!