आगगाडीचें छायाचित्र आणि शीवचें ऊन

आगगाडीचें छायाचित्र घेणाऱ्याची मुख्य अडचण म्हणजे गाडीचा वेग, असें पुष्कळांस वाटतें. मलाही तसेंच वाटे. पण शीव स्थानकावर कांहीं हिंवाळे काढल्यावर माझें मत बदललें. तासाला 60 किलोमीटर धांवणारी गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागांत जेमतेम 1.7 सेंटिमीटर पुढें जाते. कॅमेऱ्याचा पडदा तितका शीघ्र ठेवला कीं वेग जिंकला. उन्हाला मात्र अशी कळ नाहीं.

अमेरिकेंतील विन्स्टन लिंक यानें या संकटांतून आपल्यापुरती वाट काढली. सूर्य हलवितां येत नाहीं आणि रूळही नाहींत, हें ओळखून त्यानें 1955 ते 1960 या काळांत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेचीं वाफेचीं इंजिनें रात्रीं, फ्लॅशच्या लखलखाटांत टिपलीं. आपल्याला ती वाट बंद आहे. मोटरमनच्या डोळ्यांवर असा झोत टाकणें धोक्याचें. आपण सूर्याशींच जमवून घेतलें पाहिजे.

त्यासाठीं शीवच्या रुळांची दिशा प्रथम ध्यानांत घ्यावी. माटुंग्याहून कुर्ल्याकडे जाणारा मार्ग नीट उत्तरेस जात नाहीं; तो ईशान्येकडे कललेला आहे. म्हणून मुंबईकडे येणाऱ्या ‘अप’ गाडीचें तोंड नैर्ऋत्येस असतें आणि ठाण्याकडे जाणाऱ्या ‘डाऊन’ गाडीचें ईशान्येस. डिसेंबरांत दुपारीं अडीचच्या सुमारास सूर्य जवळजवळ रुळांच्या रेषेंतच येतो. त्या वेळीं अप गाडीचें तोंड झगझगतें, पण डब्यांच्या दोन्ही बाजू निस्तेज दिसतात आणि चित्र पुठ्ठ्यासारखें सपाट होतें. साडेचार-पांचपर्यंत तो पश्चिमेकडे सरकतो. मग तोंड आणि धारावीच्या अंगाची बाजू, दोन्ही उजळतात; तोंड अधिक, बाजू कमी. गाडीला घनता येते ती या फरकामुळें. धारावीच्या अंगास उभें राहिलें कीं सूर्य आपोआप आपल्या पाठीशीं येतो.

डाऊन गाडीचें तोंड मात्र डिसेंबरांत जवळजवळ दिवसभर सावलींत असतें. तिच्यासाठीं एप्रिल-मेपर्यंत धीर धरावा. तेव्हां सकाळीं सात-आठ वाजतां सूर्य पूर्वेच्याही किंचित् उत्तरेस असतो आणि पूर्वेच्या अंगानें तोंड व बाजू दोन्ही हातीं लागतात. (16 एप्रिल 1853 रोजीं दुपारीं साडेतीनला बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली गाडीही याच बाजूस तोंड करून येथून गेली. त्या घटकेस सूर्य पश्चिमेस. तेव्हां तिचें तोंड सावलींतच असणार! मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती पुढल्या वर्षीं.) मेच्या मध्यास भर दुपारीं कॅमेरा घरींच ठेवावा हें बरें. सूर्य नेमका माथ्यावर असतो. टपें तळपतात आणि चाकें काळोखांत बुडतात.

आतां सावल्यांविषयीं. विजेच्या तारांचे खांब आणि फलाटावरील छपरें यांच्या सावल्या गाडीच्या तोंडावर काळे पट्टे ओढतात. त्यावर उपाय एकच. आपल्याला हवी ती गाडी येण्यापूर्वीं एखादी साधी लोकल जाऊं द्यावी, तिच्यावर सावली कोठें पडते तें पाहावें आणि दोन खांबांमधली मोकळी जागा हेरून ठेवावी. हें सारें फलाटावरूनच, पिवळ्या पट्ट्याच्या मागें राहून. रुळांवर उतरणें हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमान्वयें गुन्हा आहे, आणि चित्रापायीं जीव घालविण्यांत शहाणपण नाहीं.

सर्वांत अवघड सावली पुलाची. शीवचा 1912 सालचा रस्त्याचा पूल पाडून नवा बांधावयाचें ठरलें, आणि 1 ऑगस्ट 2024 रोजीं तो वाहतुकीस बंद झाला. त्याच्या आधींच्या हिंवाळ्यांत, पुलाखालून बाहेर पडणारी अप गाडी टिपून ठेवावी या हेतूनें मी तेथें जात असें. पहिलें चित्र पार फुकट गेलें. पुलाखालचे डबे सुरेख उमटले आणि उन्हांत आलेलें तोंड पांढरेंफटक! दोष माझाच. निगेटिव्हच्या काळांत आम्ही सावली मोजून प्रकाश ठरवीत असूं, कारण त्या फिल्मवर सावलींत न उमटलेलें पुन्हा मिळत नसे. डिजिटल कॅमेऱ्याचें उलट आहे. काळोखांतलें पुष्कळ परत मिळतें. उन्हांत जळालेलें मिळत नाहीं.

तेव्हांपासून मी मोजमाप उन्हांतील जमिनीवरून करतों. भर उन्हांत 250 आय.एस.ओ.ला छिद्र 8 आणि पडदा सेकंदाचा हजारावा भाग. साडेचारनंतर छिद्र एक पायरी अधिक उघडें. आणि तोंड संपूर्ण उन्हांत येईपर्यंत कळ दाबावयाची नाहीं. मग पुलाखालचा तोच काळोख गाडीमागें पडद्यासारखा उभा राहतो.

असें एक चित्र त्या जानेवारींत पावणेपांचला मिळालें. त्यांत दुसऱ्या डब्यावर पुलाची तिरपी सावली आहे. एका स्नेह्यानें ती कापून टाकण्यास सुचविलें. मीं ती तशीच ठेवली.