बोलण्याची पदवी

‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ असे अविचाराने बोलणाऱ्याविषयी म्हटले जाते. बोलणे सोपे, विचारपूर्वक बोलणे अवघड, हेच या म्हणीतून सूचित होते. मग असे बोलणे शिकवता येते काय? अमेरिकेतील विद्यापीठांनी या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले. तेथे ‘स्पीच कम्युनिकेशन’ म्हणजेच मौखिक संज्ञापन हा पदवीचा विषय झाला.

या विषयाची मुळे प्राचीन ग्रीसमध्ये आहेत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने मन वळविण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. आजचे विद्यार्थीही ही तीन साधने अभ्यासतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वक्तृत्वाचे शिक्षण बहुधा इंग्रजी विभागात दिले जाई. तेथे साहित्य व लेखन यांना अग्रस्थान होते. बोलणे दुय्यम मानले जाई. ही उपेक्षा असह्य होऊन १९१४ मध्ये १७ अध्यापकांनी शिकागो येथे स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढे तिचे नाव बदलत गेले. १९७० मध्ये ती ‘स्पीच कम्युनिकेशन असोसिएशन’ झाली, तर १९९७ मध्ये ‘नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन’. केवळ भाषण नव्हे, तर माणसामाणसांतील सर्व प्रकारची देवाणघेवाण अभ्यासाच्या कक्षेत आली, हे या नामांतरांवरून दिसते. अनेक विद्यापीठांत आता पदवीच्या नावातही ‘कम्युनिकेशन’ एवढाच शब्द आढळतो.

हा अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा असतो. त्यात जाहीर भाषण, युक्तिवाद व वादविवाद, परस्परसंवाद, गटचर्चा, संस्थांतर्गत संज्ञापन, भिन्न संस्कृतींतील संवाद असे विषय असतात. भाषणाच्या वर्गात विद्यार्थी आधी आराखडा तयार करतो, मग ठरावीक वेळेत सर्वांसमोर बोलतो. सहाध्यायी लक्षपूर्वक ऐकून अभिप्राय देतात. म्हणजे येथे ऐकणे हीदेखील शिकण्याचीच गोष्ट ठरते. सभेत उभे राहताच घसा कोरडा पडणे, हातपाय थरथरणे हा अनुभव बहुतेकांना येतो. ही भीती म्हणजे व्यक्तीतील उणीव नव्हे. पूर्वतयारीने आणि वारंवार सरावाने ती कमी होते, असे येथे शिकवले जाते.

तोतरेपणासारख्या वाचादोषांवरील उपचारांचे शिक्षण मात्र वेगळे असते. या दोन अभ्यासक्रमांत गल्लत करू नये.

मौखिक संज्ञापनाची पदवी एखाद्या ठरावीक नोकरीची हमी देत नाही. तथापि जनसंपर्क, अध्यापन, विक्री, मनुष्यबळ व्यवस्थापन अशा क्षेत्रांत तिचा उपयोग होतो. कायद्याच्या पुढील शिक्षणासाठीही ती पायाभूत ठरू शकते.

या विद्येला दुसरी बाजूही आहे. ज्या कौशल्याने सत्य पटवता येते, त्याच कौशल्याने असत्यही गळी उतरवता येते. म्हणूनच संज्ञापनाची नीती हा या अभ्यासाचा आवश्यक भाग मानला जातो. शब्दांनी मन कसे वळवले जाते हे ज्याला कळते, तो प्रभावी वक्ता होईलच असे नाही. परंतु कोणाच्याही गोड बोलण्याला तो सहजासहजी भुलत नाही. स्वतःचे म्हणणे निर्भयपणे मांडणे आणि दुसऱ्याचे म्हणणे पारखून घेणे, या दोन्ही गोष्टी साधणे हेच या शिक्षणाचे खरे फलित होय.